दर महिन्याला तोंड येतं, मग मेथी कशाला सोडलीत?

"वय ४२. शाळेत शिकवते, इंदूरला रामबागेत राहते. गेलं दीड वर्ष दर महिन्याला तोंड येतंय. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरे फोड. आठवडाभर धड जेवता येत नाही, वर्गात बोलणंही नकोसं होतं. सासूबाई म्हणतात उष्णता वाढलीय, म्हणून मेथी, बाजरी, तीळ, गूळ, हळीव सगळं बंद केलं. मांस-मासे घरात नाहीत; मी अंडं खायचे, तेही सोडलं. बी-कॉम्प्लेक्स पाच दिवस घेतलं की बरं वाटतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ॲसिडिटीची गोळी तीन वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी चालू आहे. पाळीत अंगावरून फार जातं, थकायला होतं. नऊ वर्षांची मुलगी माझ्याच ताटात जेवते, तिलाही दोनदा तोंड आलं. तिला माझ्यामुळे लागण झाली का? यजमानांच्या गालात आतून महिनाभर एक चट्टा आहे, पण तो दुखत नाही, त्यामुळे त्याचं काही विशेष नाही. मी काय खावं, काय लावावं, सांगाल का?"

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेली यजमानांची गोष्ट आधी घेते. "दुखत नाही, त्यामुळे विशेष नाही" असं बहुतेक घरांत समजलं जातं, आणि नेमकं इथेच चुकतं. झोंबणारा, जेवू न देणारा फोड आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेला, न दुखणारा आणि तीन आठवडे उलटूनही न भरलेला चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवा. तुमच्या यजमानांचा तर महिना झाला. त्यांना याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. ओळखीचं कोणी नसेल तर एम.वाय. रुग्णालयाजवळच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल.

ते सुपारी, पानमसाला किंवा तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खात असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बायको-मुलांसमोर नको वाटत असेल तर एकट्याने आत जाऊन सांगू द्या. आपल्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यांत आधी. पण पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन ती तळहातावर एकत्र करणं काही थांबलं नाही. आणि "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांनीही ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलासुद्धा, कर्करोगाचं ठाम कारण म्हणून नोंदवलं आहे. घरी एक साधी तपासणी करता येते. तोंड पूर्ण उघडून स्वतःची मधली तीन बोटं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालून बघायची. ती जात नसतील, तिखट लागलं की पूर्ण तोंडाची आग होत असेल, गाल आतून कडक, फिकट वाटत असतील, तर सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आखडायला लागलं आहे असं समजून लगेच दाखवा.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. अनेकदा असा चट्टा तुटलेल्या दाताच्या धारेने किंवा कवळीने घासून झालेला असतो. दंतवैद्य ती धार गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. चट्टा भरला तर प्रश्न मिटला. नाही भरला तर छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने आजार पसरतो ही भीती खोटी आहे, त्यापायी कोणी तपासणी टाळू नये.

आता तुमच्याकडे वळू.

ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, मधे पिवळसर-पांढरा आणि भोवती लाल कडा असलेला फोड. येण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी चुणचुण. हे नेहमीच्या तोंड येण्याचं वर्णन आहे. हे फोड सहसा एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि सात ते चौदा दिवसांत काहीही न करता, वण न ठेवता भरून येतात. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोटाळा त्यातून होतो. जे आपोआप आठवड्यात बरं होणार आहे, त्यावर पाचव्या दिवशी जे काही घ्याल ते गुणकारीच वाटणार. गुलकंद घेतला, गुण आला. बी-कॉम्प्लेक्स घेतलं, गुण आला. खरा प्रश्न फोड कशाने गेला हा नाही, तो दर महिन्याला का येतो हा आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तोंड आलं असताना तिखट, मसालेदार, गरम गरम खाल्लं की त्रास वाढतो आणि थंड, मऊ, स्निग्ध खाल्लं की आराम पडतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. त्या आठवड्यापुरतं त्यांचं जरूर ऐका. पण तुम्ही वर्षभरासाठी काय काय सोडलंत ती यादी पुन्हा वाचा: मेथी, बाजरी, तीळ, गूळ, हळीव, अंडी. आपल्या घरांतली "उष्ण" पदार्थांची ही यादी म्हणजे जवळपास शाकाहारी स्वयंपाकघरातल्या लोहाची यादी आहे. मेथीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिडही आहे. अंड्यात बी-१२ आहे, जे भाजी, डाळ, धान्य, फळ यांतून जवळजवळ मिळतच नाही. आणि वारंवार तोंड येण्यामागे जी कमतरता सर्वांत जास्त वेळा सापडते, ती लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड या तिघांचीच. फोड घालवण्यासाठी तुम्ही जे पथ्य पाळताय, त्यानेच पुढचे फोड येत असावेत असा माझा दाट संशय आहे.

त्यात तुमच्या पत्रातल्या आणखी दोन गोष्टी मिळवा. पाळीत अंगावरून फार जातं म्हणजे दर महिन्याला लोह बाहेर जातंय. तासा-दोन तासांना पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात असंच चालतं म्हणून सोसू नका. दुसरी गोष्ट ती उपाशीपोटीची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, लोह शोषलं जायलाही लागतं. ते आम्लच वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की दोन्ही कमी पडू शकतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही बी-१२चा हाच धोका असतो. म्हणून ॲसिडिटीची गोळी आजच बंद करा असं मी म्हणत नाही. एकदम थांबवली तर जळजळ उसळून येते. पण तीन वर्षं ती कोणाच्या सांगण्यावरून चालू आहे, अजून लागते का आणि हळूहळू कमी करता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तेव्हा पहिलं काम रक्ततपासणी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड आणि साखर. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा होत आलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. आणि तपासणीसाठी रक्त देण्याआधी बी-कॉम्प्लेक्स किंवा बी-१२ सुरू करू नका, नाहीतर आकडा फसवा येईल. नुसतं फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने घेणंही बरं नाही. बी-१२ कमी असताना त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालू राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पोट वारंवार बिघडत असेल, वजन उतरत असेल, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास, म्हणजे सीलिॲक आजार, आहे का हेही रक्तातून तपासतात. त्यातही तोंड येतं. आपण माळव्यातले, पोळी आणि डाळ-बाफल्यावर वाढलेले. गहू आपल्याला बाधेल असं कोणाच्या मनातही येत नाही. पण तपासणीआधी गहू सोडून बघू नका, कारण गहू बंद असेल तर ती तपासणी आजार असूनही कोरी येऊ शकते.

पाच दिवसांच्या बी-कॉम्प्लेक्सबद्दल मला जरा स्पष्टच बोलायचं आहे. इस्रायलमधला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांपैकी निम्म्यांना रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवायला दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सहाव्या महिन्यात बी-१२ घेणाऱ्यांतल्या सुमारे ७४ टक्के जणांना एकही फोड आला नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची: ठळक फरक पाचव्या-सहाव्या महिन्यात दिसला. फोड आला की पाच दिवस गोळी आणि गेला की डबा फडताळात, याने साठा भरत नाही. किती आणि किती महिने घ्यायचं, ते रिपोर्ट बघून डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि मग मधे सोडू नका.

तोंड बरं असतानाचे जे तीन आठवडे तुमच्या हातात असतात, तेच खरे खाण्याचे दिवस. मेथीची भाजी लोखंडी कढईत करा. बाजरीची भाकरी, वरून तीळ. हळीवाचा लाडू थंडीत एक रोज चालेल. शाकाहारातलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व लागतं, म्हणून जेवणात लिंबाची फोड, पेरू, आवळा. सकाळच्या पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ते फक्त चवीसाठी नाही. त्याच पोह्यांबरोबर कपभर कडक चहा मात्र लोहाच्या आड येतो. चहा खाण्याच्या एक तास आधी किंवा नंतर घ्या. जेवण झाल्या झाल्या तर नकोच. अंडं पुन्हा सुरू करा. दूध सध्या तुम्ही चहापुरतंच घेत असाल तर ते पुरणार नाही: प्रौढ माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि मोठ्या पेलाभर दुधात साधारण एक मिळतं. म्हणजे दूध, दही, ताक, पनीर मिळून रोज दोन-तीन वाट्या तरी पोटात जायला हव्यात. दूध दिवसातून चार वेळा खळखळून उकळू नका, त्याने बी-१२ कमी होतं.

तोंड आलेल्या आठवड्याचं जेवण वेगळं. मऊ वरण-भात-तूप, मुगाची खिचडी, दहीभात (मिरचीची फोडणी न देता), दुधी, लाल भोपळा, नाचणीचं सत्त्व, रव्याची खीर, केळं, शहाळं. सगळं कोमट किंवा गार. ताक बऱ्याच जणांना चालतं, पण झोंबलं तर सोडा; आंबट ताक फोडावर औषध नाही. टोमॅटो, अननस, संत्रं, लोणचं त्या दिवसांत बाजूला. इंदुरी पोहे वाफेवर मऊ झालेले असतात, ते खायला हरकत नाही, पण कांदा, लिंबू, जीरावन मसाला आणि शेव न घालता. शेवेबद्दल तर मी आग्रहाने सांगेन. लौंगी शेव फक्त तिखटामुळे त्रास देत नाही. तिचे कडक तुकडे गालाच्या आतल्या मऊ त्वचेला बारीक ओरखडे काढतात, आणि ज्यांना तोंड यायची सवय आहे त्यांना नेमक्या त्या ओरखड्यावर दोन दिवसांनी नवा फोड येतो. टोस्ट, खाखरा, पापड, भाजलेले दाणे यांचंही तेच. तुम्ही शिक्षिका, मधल्या सुट्टीत घाईघाईने खात असणार. घाईत गाल चावला जातो, त्यावरही फोड येतो. खाताना बोलणं टाळता आलं तर बघा.

आणि टूथपेस्टची ट्यूब उलटून बघा. बऱ्याच पेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घातलेलं असतं. काही जणांना ते सोडल्यावर फोड कमी येतात. ते नसलेली पेस्ट आणि मऊ ब्रश दोन-तीन महिने वापरून बघा, खर्च जवळपास तेवढाच.

लावण्याचं म्हणाल तर सगळ्यांत स्वस्त आणि चांगला उपाय मिठाचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक जेवणानंतर एकदा, अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंकायचं. मीठ झोंबत असेल तर अर्धी वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा. तूप किंवा खोबरेल बोटाने लावलं की फोडावर थर बसतो, जेवताना झोंबत नाही. रात्री मधाचं बोट लावलं तर चालेल, पण मध दाताला चिकटतो, तेव्हा थोड्या वेळाने चूळ भरून झोपा. जाईची कोवळी पानं चघळून थुंकायची, हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. घरच्या वेलीची, ओळखीची, धुतलेली पानं असतील तर खुशाल करा. कोणाच्या कुंपणावरची अनोळखी पानं तोंडात घालू नका. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळूनही बरं वाटतं. मात्र रक्तदाब असेल तर तो रोज चघळू नका, त्याने दाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं.

काही गोष्टी मात्र नकोत. तुरटीचा खडा फोडावर घासणं, लिंबू चोळणं, ॲस्पिरिनची गोळी चुरून लावणं. ॲस्पिरिनने त्वचा अक्षरशः भाजून पांढरी पडते आणि छोट्या फोडाची मोठी जखम होते.

दुखणं फारच असेल तर जेवणाआधी पाच मिनिटं बधिर करणारं जेल लावता येतं. त्याहून उपयोगी पडते ती डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टेरॉइडची तोंडात लावायची पेस्ट, पण तिची वेळ आणि रीत सांभाळली तर. चुणचुण सुरू झाली त्याच दिवशी, रात्री चूळ भरून झाल्यावर, फोड स्वच्छ कापसाने टिपून कोरडा करायचा, वाटाण्याच्या निम्म्याने पेस्ट घेऊन नुसती दाबून ठेवायची. चोळली की ती सुटून येते. नंतर काही खायचं-प्यायचं नाही. क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून तो दोन आठवड्यांहून जास्त नको.

एक सेंटिमीटरहून मोठा फोड आला, ताप आला, पाणीही गिळवेना, किंवा तोंडाबरोबर डोळे लाल होऊन गुप्तांगाजवळही फोड आले, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. कोणतंही नवं औषध सुरू झाल्यावर तोंड यायला लागलं असेल तर त्या औषधाचं नाव सांगा. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही फोड येतात.

आणि मुलगी. तुमच्यामुळे तिला लागण झालेली नाही. हे फोड एकाकडून दुसऱ्याला होत नाहीत. ताट, पेला, पापी, कशानेच नाही. पण तोंड यायची प्रवृत्ती घराण्यातून येते, आईला असेल तर मुलांत दिसते, म्हणून तिला दोनदा आलं असावं. तिची पेस्टही बदला, तिच्या डब्यात मेथीचे पराठे आणि अंडं जाऊ द्या. पुन्हा तोंड आलं तर मिठाची चूळ आणि तूप पुरे. दुकानातलं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं औषध) असलेलं जेल सोळा वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत, बधिर करणारं जेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फक्त ओठाच्या बाहेरच्या कडेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस आला, तर ते प्रकरण वेगळं. तो विषाणू असतो आणि तो लागतो. असा घोस तुम्हाला आला तर खपली धरून वाळेपर्यंत तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळे ठेवा. एरवी तिला तुमच्या ताटात जेवू द्या.